निळ्या बुबूवरचे सतरा थेंब

पहाटेपासून वाळवंटाकडचा कोरडा वारा सुटला होता. हा वारा सुटला की डाकारचं आभाळ मळक्या पंच्यासारखं होतं, माणसांचे ओठ फुटतात आणि इस्त्रीवाल्यांचं मात्र बरं चालतं. ओलं कापड दोरीवर टाकून पाठ वळवावी, तोवर ते वाळून खडखडीत. मेदिना वस्तीतल्या मादाम न्देलाच्या शिवणकारखान्याच्या अंगणात टेनिंग न्गोम उकिडवी बसून कोळशाच्या इस्त्रीला पत्र्याच्या तुकड्यानं वारा घालत होती. वीज गेलेली होती. ती कधी येईल हे विचारायची रीत मेदिनात नाही. भिंतीपलीकडं शेजाऱ्याचे तीन मेंढे आळीपाळीनं ओरडत होते. तबस्कीला, म्हणजे बकरी ईदेला, नऊ दिवस उरले होते आणि अख्ख्या शहरात माणसांपेक्षा मेंढ्यांचाच आवाज मोठा झाला होता.

निखारे लाल झाले तशी टेनिंग उठली. पाटावर पांढरा सुती फेटा पसरला, लोट्यातलं पाणी घोटभर तोंडात घेतलं, गाल फुगवले आणि ओठ जरासे विलग करून फुर्रर्र केलं. धुकं उतरावं तसं पाणी फेट्यावर उतरलं. असा फवारा मेदिनात दुसऱ्या कुणाला जमत नसे. मादामनं परदेशातून आणलेली वाफेची इस्त्री कोपऱ्यात कापडाखाली झाकलेली असायची. मादाम ती पाहुण्यांना दाखवायची आणि कपडे टेनिंगकडं टाकायची.

आज शुक्रवार. संध्याकाळी पाचला समुद्रकाठच्या हॉलात मादामचा वर्षातला मोठा फॅशन शो होता. तीस कपडे कालच पेट्यांतून रवाना झाले होते आणि मादामही सकाळी उजाडताच हॉलवर गेली होती. कारखान्यात उरले होते दोनच नग. एक हा फेटा आणि दुसरा शेवटचा बुबू, शो संपताना घालायचा.

बुबू म्हणजे पायघोळ, ऐसपैस झगा. पण हा नुसता झगा नव्हता. नीळ घालून रंगवलेलं बाझाँ नावाचं जाड सुती कापड, त्याला डिंकाची खळ आणि मग लाकडी मोगऱ्यांनी दोन दिवस कुंदी केलेली. ठोकून ठोकून कापड असं झालं होतं की त्यात वाकून बघितलं तर स्वतःचं नाक दिसावं. चालताना ते बोलायचं. सुक्या पानांत कुणी पाय टाकावा तसं खर्रर, खर्रर. बुबू ल्यायचा तो डोळ्यांसाठी कमी, कानांसाठी जास्त, असं मादाम म्हणायची. त्या घडीला तो बुबू अंगणातच, टेनिंगच्या पाटाशेजारी, शिंपी सांबा वानच्या मेजावर होता. गळ्याच्या कशिद्याचे शेवटचे टाके सांबा हातानं घालत होता.

टेनिंग एकोणचाळीस वर्षांची. सिन भागातल्या, फातिककडच्या एका खेड्यातून ती एकोणिसाव्या वर्षी डाकारला धुण्याभांड्याला आली होती. त्यातून इस्त्रीला लागली आणि या कारखान्यात अकरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत एकही शो तिनं पुढून पाहिलेला नव्हता. ती पडद्यामागं. बटणं लावायची, सुरकुत्या मोडायच्या, घामेजलेल्या पाठी पुसायच्या आणि पोरगी उजेडात गेली की मागून तिची टाच तेवढी बघायची. मॉडेल पोरींना ती टाचांवरून ओळखायची. एखादीचा चेहरा रस्त्यात दिसला तर तिला ओळख पटत नसे. मग खाली बघून म्हणायची, “अगं तू होय!”

तिचं खरं वेड होतं ते शहर. दुसऱ्या बायकांना दागिन्यांचा नाद असतो, टेनिंगला डाकारचा होता. झग्याला लावायची चेन आणायला सांदागा बाजारात पाठवावी, तर ती जायची एका वाटेनं आणि यायची दुसऱ्या. गेलेल्या वाटेनं परत येणं तिला शिळं खाल्ल्यासारखं वाटे. कधी होड्या लागतात त्या किनाऱ्यानं यायची, कधी कबरस्तानाच्या मागनं, कधी मुद्दामच भलत्या गाडीत बसायची आणि शेवटच्या थांब्यापर्यंत जायची. रस्त्यांची नावं तिला ठाऊक नव्हती. तिच्या डोक्यातला नकाशा वेगळाच होता. डाव्या हातानं भजी तळणारीचा चौक, बोळकांडीत फक्त चपला शिवतात ती गल्ली, सकाळी कुबट आणि दुपारी पावासारखा वास येतो ते वळण.

“हिला सुई आणायला पाठवा,” सांबा म्हणायचा, “ही समुद्र बघून येईल आणि सुई विसरेल.”

पण गेल्या आठवड्यात मादामनं सगळ्यांसमोर सांगितलं होतं, “पुढच्या महिन्यात लेगॉसला शो आहे. बरोबर एकच माणूस नेणार. यंदाचा शो नीट पार पडला तर टेनिंग.”

लेगॉस! डाकारसारखी चार-पाच डाकारं पोटात मावतील एवढं शहर म्हणे. त्या दिवसापासून टेनिंगला झोप लागत नव्हती. गावी फोन करून तिनं आईला सांगितलं, तर आई म्हणाली, “एक शहर पुरं झालं नाही व्हय गं तुला?”

सांबा वान हा तुकुलेर आणि टेनिंग सेरेर. या दोन जमातींत पूर्वापार थट्टेचं नातं. एकमेकांना वाटेल ते बोलावं, गुलाम म्हणावं, खादाड म्हणावं, आणि कुणी राग धरायचा नाही. राग धरला तर ज्याचा त्यानं लाजून मरायचं. आणि थट्टेच्या भावंडानं काही मागितलं तर नाही म्हणायची सोय नाही. नाही म्हटलं तर घरादाराला बरं नसतं. त्यामुळं सांबा आणि टेनिंग यांचं सकाळपासून सुरू असायचं.

त्या सकाळी टेनिंगनं पुन्हा घोटभर पाणी तोंडात घेतलं. गाल फुगवले. सांबानं टाका ओढला आणि मान वर न करताच म्हणाला,

“ऐकलंस का, काल तुमच्यातला एक सेरेर मेला.”

टेनिंगनं भुवया उंचावल्या. तोंडात पाणी.

“वर गेला. देव म्हणाला, ‘बाबा रे, खाली काही राहिलं का तुझं?’ तर म्हणाला, ‘तसं काही नाही देवा. पातेल्याच्या तळाला भाताची खरवड राहिलीय. दोन मिनिटांत खरडून येतो. तुम्ही दार लावू नका.’”

टेनिंगनं ओठ घट्ट मिटले. पण तिला तो सेरेर दिसला. तो अगदी तिच्या मामासारखा होता. मामा हातात उलथनं घेऊन स्वर्गाच्या दारात उभा. हसू आधी पोटात आलं, मग छातीत, मग नाकात. तिनं मान वळवली. नको त्याच बाजूला वळवली.

फवारा नव्हे, सगळी चूळच उडाली.

सांबाची सुई हवेतच राहिली. बाहेरचे मेंढेही नेमके त्याच वेळी थांबले. निळ्या बुबूच्या समोरच्या पाटीवर, म्हणजे छातीकडच्या भागावर, पाण्याचे थेंब लोळत होते. टेनिंगनं फडक्याच्या टोकानं टिपायला हात पुढं केला, तेवढ्यात ते आत मुरले. जिथं मुरले तिथली चमक गेली. देवी आलेल्या तोंडावर व्रण उठावेत तसे मुके, फिके डाग. तिनं मोजले. सतरा.

कुंदी केलेल्या बाझाँला आगीचं भय नाही एवढं पाण्याचं. बारकी पोरंसुद्धा नवा बुबू घातलेल्या माणसाजवळून भांडं घेऊन जात नाहीत, आणि ही तर अकरा वर्षं मुरलेली इस्त्रीवाली.

“मी विनोद करायला नको होता,” सांबा म्हणाला. त्याचा आवाज सुईच्या नेढ्यातून यावा तसा येत होता.

“विनोद चांगला होता,” टेनिंग म्हणाली आणि मटकन खाली बसली. “गेलं. लेगॉस गेलं माझं.”

“इस्त्री फिरवून बघ की.”

“आणि उरलेलीही चमक घालवू? याला आता कुंदीच लागेल. पुन्हा.” ती तशीच उठली. सांबानं उरलेले दोन टाके घाईनं घालून दोरा तोडला, तशी तिनं बुबू सफेद चादरीत गुंडाळला आणि गठुडं डोक्यावर घेतलं. “मादामचा फोन आला तर काय सांगशील?”

“कशिदा चाललाय म्हणतो. गळ्याचा कशिदा मी संध्याकाळपर्यंत पुरवतो. जा तू. आणि टेनिंग—”

“काय?”

“आज समुद्र बघू नकोस.”

मेदिनातल्या नेहमीच्या कुंदीवाल्यांकडं ती पहिली गेली. छपराखाली चार जोड्या समोरासमोर बसून ठोकत होत्या आणि त्यांच्या मागं गठुडी छपराला टेकली होती. ईदेला अख्ख्या डाकारला नवा बुबू लागतो. टेनिंगनं हात जोडले, गयावया केली, दादा-बाबा केलं. मुकादमानं मान वर न करताच सांगितलं, “बाई, ईद झाल्यावर या.”

“ईद झाल्यावर काय मी याचं कफन करू?”

“तेही कुंदी करून देऊ. ईद झाल्यावर.”

तिथून ती आशेलेमच्या कापडबाजाराकडं गेली. तिथल्या कुंदीवाल्यांनी तर गठुडं हातातही घेतलं नाही. दहा वाजून गेले. रस्त्याकडेच्या एका बाईकडून तिनं पावात चवळीची उसळ भरून घेतली, पायरीवर बसली आणि खाल्ली. रडायचं असलं तरी पोटात काही असावं, असं तिच्या आईचं म्हणणं होतं. अर्धा पाव झाला आणि तिला तो आवाज आठवला.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. काळा दोरा स्वस्त मिळतो म्हणून ती शहराच्या टोकाला, चारोयला गेली होती आणि येताना नेहमीच्या खोडीनं भलत्याच गाडीत बसली होती. कुठल्याशा वाळूच्या रस्त्यावर गाडी बिघडली. सगळे शिव्या घालत खाली उतरले. तेव्हा घरांच्या मागून तो आवाज येत होता. टोक-टोक, टोक-टोक. मेदिनातल्या ठोकीसारखा घाईचा नाही. एक ठोका दुसऱ्याला वाट देतोय, असा. टेनिंग आवाजामागं गेली होती. कडुनिंबाच्या झाडाखाली एक म्हातारा आणि त्याचा जोडीदार ठोकत बसले होते. ती लांबून ऐकत उभी राहिली, गाडी नीट झाली आणि ती निघून आली. बस, एवढंच.

उरलेला पाव तिनं तोंडात कोंबला आणि निळ्या-पिवळ्या रंगवलेल्या गाडीत चढली.

“कुठं उतरणार, मावशी?” मागं लोंबकळणाऱ्या कंडक्टरनं विचारलं.

“चारोयच्या पुढं. ऐकू आलं की उतरीन.”

“काय ऐकू आलं की?”

“कुंदी.”

कंडक्टरला काही कळेना. शेजारच्या जाड्या बाईनं विचारलं, मग तिच्या पलीकडच्या मुल्लाजींनी विचारलं आणि टेनिंगनं सगळं सांगून टाकलं. सेरेर, खरवड, सतरा थेंब. गाडी आधी हसून हसून हलली, मग सगळ्यांना काळजी लागली. चारोयचा बाजार मागं पडला तसे मुल्लाजी म्हणाले, “गप्प बसा सगळे. बाईला ऐकू द्या.” ड्रायव्हरनं गाणं बंद केलं. बावीस माणसं तोंड मिटून, कान बाहेर काढून बसली. डाकारच्या गाडीत असं पूर्वी कधी झालं नसेल.

“आलं!” जाडी बाई ओरडली.

“तो मेंढ्याचा खूर,” मुल्लाजी म्हणाले. “पत्र्यावर.”

पुढं एक निळी मशीद गेली, लाकडाची वखार गेली. “हे घ्या!” कंडक्टर म्हणाला. ते कुणीतरी खिळा ठोकत होतं. आणि मग वळणावर, वाऱ्याच्या तोंडी, अगदी बारीक, टोक... टोक... पण जोडीतला दुसरा ठोका नव्हता.

“थांबवा!” बावीस जण एकदम ओरडले.

कडुनिंब तोच होता. झाडाखाली मेणबत्तीनं घासून गुळगुळीत केलेला ओंडका, ओंडक्याशी म्हातारा एकटाच. समोर सात-आठ बाया आपापली गठुडी मांडीवर घेऊन नंबर लावून बसलेल्या. टेनिंग हात जोडायच्या बेतात होती. तेवढ्यात एक बाई म्हणाली, “आनबाबा, माझं कधी व्हायचं?”

आन. हे आडनाव तुकुलेरांशिवाय कुणाचं नसतं.

टेनिंगनं जोडायला उचललेले हात खाली घेतले, कमरेवर ठेवले, पाठ ताठ केली. नंबरच्या सगळ्या बायांना वळसा घालून ती थेट ओंडक्यासमोर जाऊन उभी राहिली.

“काय रे,” ती म्हणाली, “मालकीण आली तरी बसूनच?”

बायांच्या माना वर झाल्या. म्हाताऱ्यानं मोगरी सावकाश खाली ठेवली आणि डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून तिला खालपासून वरपर्यंत बघितलं.

“आडनाव?”

“न्गोम. फातिककडची.”

“न्गोम!” म्हाताऱ्यानं दोन्ही हात आभाळाकडं नेले. “सेरेर! पोरींनो, घरात जाऊन आधी भाताचं पातेलं झाका!”

बायांचं हसू फुटलं. एकीनं तर कपाळाला हात लावला, कारण तिला कळलं की आपला नंबर आता मागं गेला.

“लांबूनच तुम्हा तुकुलेरांच्या ताकाचा आंबूस वास आला,” टेनिंग म्हणाली, “तेव्हाच म्हटलं, माझा पळालेला गुलाम इथंच असणार. नाव काय ठेवलंय तुझं?”

“येरो. आणि पळालो नव्हतो. तुम्ही विकून खाल्लंत मला, दोन वाट्या भातासाठी.” त्यानं ओठ पुढं करून गठुड्याकडं खूण केली. “काय आणलंस?”

टेनिंगनं चादर सोडली. येरो आनचं हसू मावळलं. त्यानं एकेका डागावरून बोट फिरवलं, नखानं टिचकी मारली, कान लावला.

“कुणी केलं हे?”

“मीच. पण हसवलं तुझ्याच भावकीतल्यानं. वान आडनावाच्या.”

“कशावरून हसवलं?”

तिनं पुन्हा सांगितलं. मेलेला सेरेर, देव, खरवड. येरो आन इतका हसला, इतका हसला, की त्याला खोकला लागला आणि नंबरमधल्या एका बाईनं उठून त्याच्या पाठीत थापट्या मारल्या. डोळे पुसत तो म्हणाला, “म्हणजे गुन्हा आमचाच. बरं. पण बाई, ऐक. ही ठोक जोडीनं होते. एका हाताची कुंदी म्हणजे एका पायाची चाल. माझा जोडीदार सकाळी मेंढा घ्यायला गेलाय, तो अजून मेंढाच निवडतोय. आला तर आज, नाही तर ईदेला.”

टेनिंगनं ओंडक्यापलीकडची रिकामी जागा बघितली. चटईवर दुसरी मोगरी आडवी पडलेली. तिनं फडक्यानं कंबर आवळली आणि तिथं जाऊन बसली.

“आण ते डिंकाचं पाणी.”

“बाईमाणसानं कुंदी?” म्हातारा म्हणाला.

“गुलामानं प्रश्न विचारू नयेत.”

येरोनं पातळ डिंकपाण्यात बोळा बुडवला, पिळला. नुसते डाग पुसले नाहीत. “ठिगळ दिसतं. पुसायची तर अख्खी पाटी,” असं म्हणत खांद्यापासून घोळापर्यंत हलक्या हातानं पुसून काढली. मग बुबू फांदीच्या दोरीवर टाकला. कोरडा वारा तोंडाला फुफाटा मारत होता आणि टेनिंग त्याला मनातल्या मनात दुवा देत होती. पाव तासात कापड हवं तसं ओलसर-कोरडं झालं. कशिद्यावर जाड कागद घालून येरोनं घडी केली, ओंडक्यावर ठेवली.

“मी मारतो. मी उचललं की तू.”

तिनं मारलं. मोगऱ्या हवेतच एकमेकींवर आपटल्या.

“अगं, हा भात नाहीये,” येरो म्हणाला. “आधी कोण पोहोचतंय अशी घाई करू नकोस.”

पुन्हा चुकलं. तिसऱ्यांदा मोगरी ओंडक्याच्या कडेला लागली आणि मनगटात झिणझिण्या आल्या. बायांनी च्-च् केलं. टेनिंगनं घाम पुसला. मग तिनं डोळे मिटले आणि तिला गावचं अंगण आठवलं. पहाटे बाजरी कांडायची ते एकच उखळ, त्याच्याभोवती आई, मामी आणि ती. तीन मुसळं, एक उखळ. डोळ्यांनी बघून कांडायला गेलीस तर डोकं फुटेल, आई म्हणायची, पोटानं ऐक. तिथं तर तीन होती. इथं दोनच.

“पुन्हा,” ती म्हणाली.

टोक. टोक. टोक-टोक. येरोनं भुवई उचलली. तिनं डोळे उघडलेच नाहीत. तोंडातल्या तोंडात ती कांडणाची ओळ गुणगुणू लागली, तशी नंबरमधली एक म्हातारी टाळी वाजवू लागली, मग दुसरी. येरो घडी फिरवायचा, उलटायचा, पुन्हा लावायचा. त्याचा हात तिच्या आड येत नव्हता, तिचा त्याच्या.

“कुठं शिकलीस?” ठोकता ठोकता त्यानं विचारलं.

“पोटासाठी कांडलं.”

“तरीच. सेरेर पोटासाठी काहीही शिकेल.”

“आणि तुकुलेर?”

“तुकुलेर शिकतच नाही. तो जन्मताच मोठा असतो.”

“मग उंचीनं का नाही वाढलास?”

बायांत पुन्हा खसखस. बराच वेळ आवाज धप-धप येत होता, मऊ. मग कधीतरी तो बदलला. टणक झाला, वाजू लागला. येरोनं मोगरी हवेत थांबवली. टेनिंगचीही आपसूक थांबली. मशिदीतून शुक्रवारची बांग सुरू झाली होती. त्यानं घडी उलगडली आणि समोरची पाटी तिच्या तोंडापुढं धरली. सतराच्या सतरा गेले होते. आत टेनिंगचं नाक दिसत होतं, घामानं चमकणारं.

“मजुरी?” तिनं विचारलं.

“मालकिणीकडून?” येरो आन नमाजाआधीच्या वजूसाठी, हातपाय धुवायला, तांब्या उचलत म्हणाला. “ईदेला माझ्या मेंढ्याचं डोकं, तुझा मान म्हणून, न्यायला ये. नाही आलीस तर मी समजेन की सेरेर पोटभर जेवले. पण तसं तर कधी झालेलं नाही.”

परतीच्या गाडीत छपरावर दोन मेंढे बांधलेले होते आणि एक बसलेला होता, माणसांत, पास काढल्यासारखा. शेजारच्या माणसानं पाण्याची पिशवी दातानं फोडली तेव्हा टेनिंग एवढ्यानं किंचाळली की त्यानं ती खिडकीबाहेर फेकली. आज पहिल्यांदा ती गेल्या वाटेनंच परत आली आणि तिला ते जराही शिळं वाटलं नाही.

हॉलच्या मागच्या दारात सांबा फेऱ्या घालत होता. कारखाना बंद करून, फेटा घेऊन तो इकडंच आला होता. “नऊ फोन,” तो म्हणाला. “कशिद्याची एवढी फुलं सांगितलीत की बाग झाली. दाखव.” त्यानं चादरीचं टोक उचललं, बघितलं आणि तिच्या डोक्यावर टपली मारली.

आत नुसती धांदल होती. पावडर, केसांवरच्या तापल्या चिमट्यांचा धूर, पिना. मादाम न्देलानं बुबू हिसकावून घेतला, उंच धरला आणि झटकला. खर्रर! मादामचा हात तसाच थांबला. तिनं कान तिरका केला. पुन्हा झटकला. टेनिंगकडं एकदा बघितलं. पण बोलायला वेळ नव्हता, संगीत सुरू झालं होतं.

शेवटी उंच पोरगी निळ्या बुबूत निघाली. टेनिंगनं गुडघ्यावर बसून घोळ नीट केला आणि पडद्याच्या फटीतून नेहमीसारख्या तिला दिसल्या त्या दोन टाचा. संगीत थांबवलेलं होतं. मादामची ती युक्ती होती. नुसतं कापड बोलत होतं, खर्रर, खर्रर, आणि पुढचा अंधारातला हॉल गप्प. मग टाळ्या आल्या, भरतीचं पाणी होड्यांवर यावं तशा. सांबानं टेनिंगचा दंड एवढा दाबला की वळ उठला.

गर्दी पांगल्यावर मादाम आली आणि खुर्चीवर बसली. पायातल्या चपला काढल्या.

“टेनिंग. ही मेदिनाची कुंदी नाही.”

“नाही, मादाम.”

“मग?”

टेनिंगनं सांगितलं. काही लपवलं नाही. सांबानं मधेच, “विनोद माझा होता,” असं दोनदा म्हटलं. मादामनं त्याच्याकडं लक्ष दिलं नाही.

“माझ्या बुबूवर थुंकलीस तू.”

“थुंकले नाही, मादाम. हसले.”

मादाम पायाची बोटं चोळू लागली. टेनिंगच्या डोळ्यांसमोरून लेगॉस हळूहळू मागं जात होतं, गाडी सुटल्यावर थांबा जातो तसं.

“पत्ता दे त्या म्हाताऱ्याचा.”

“पत्ता नाही. गाडीत बसायचं आणि ऐकू आलं की उतरायचं.”

“अस्सं.” मादामनं चपला पुन्हा चढवल्या. “मग सोमवारी मला घेऊन जा. आणि लेगॉसला वीज रोज जाते म्हणतात. कोळशाची इस्त्री बरोबर घे.” दारापर्यंत जाऊन ती वळली. “तिकडं काही फाटलं, बिघडलं, तर कुणाकडं न्यायचं हे मला ठाऊक नाही. तू शोधून काढशील. सांबा मात्र इथंच राहील. कुलूप लावून.”

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा तसाच होता, वीज तशीच नव्हती आणि शेजाऱ्याचे मेंढे तीनचे चार झाले होते. बत्तीस कपडे चुरगळून, घाम पिऊन परत आले होते. टेनिंगनं निळा बुबू पार आतल्या खोलीत टांगला, दार ओढून घेतलं, निखाऱ्यांवर फुंकर मारली. ढिगातला पहिला सदरा पाटावर पसरला. लोटा उचलला, घोट घेतला, गाल फुगवले.

“टेनिंग,” सांबा सुईत दोरा ओवत म्हणाला, “तो कालचा सेरेर, खरवड घेऊन परत वर गेला ना, तर—”

टेनिंगनं एक बोट वर केलं. पाणी गिळलं, हातानं तोंड पुसलं आणि इस्त्री बाजूला ठेवली.

“हं,” ती म्हणाली. “आता सांग.”